क्लायंट ‘हो मॅडम’ म्हणतो आणि परत येत नाही. नातं जोडणं शिकता येतं का?

वैदर्भी
१२ मे, रात्री १०.४०

मी नागपूरची. धंतोलीत एका क्लिनिकमध्ये समुपदेशन करते, तीन वर्षं झाली. मंगळवार ते शनिवार, दुपारी चार ते आठ. वरच्या मजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या, आणि सध्या एक कूलर, जो इतका घरघरतो की हळू बोलणाऱ्या माणसाला मला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागतं. आपलं दुःख कुणाला दोनदा सांगावंसं वाटेल?

परवा बसून जानेवारीपासूनची वही पाहिली. नवे ३१ जण आले होते. त्यातले १२ जण दोनदा येऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. काहींना पैसे परवडले नसतील, काहींना एवढ्यातच बरं वाटलं असेल. पण सगळ्या १२ जणांना हेच कारण लावून मी झोपू शकत नाही.

एका गृहस्थांबद्दल सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पन्नाशी उलटलेली. मुलीचं लग्न झालं आणि यांची झोप उडाली. पहाटे तीनला उठून अंगणात येरझाऱ्या. पहिल्या भेटीत मी नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या भेटीत त्यांना विचारांची नोंद करायचा तक्ता दिला: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, त्या विचाराला पुरावा. समजावून सांगितलं, एक रकाना त्यांच्याकडून भरून घेतला. ते प्रत्येक वाक्याला “हो मॅडम, बरोबर आहे मॅडम” म्हणत होते. मला वाटलं, सेशन छान झालं. तिसऱ्या वेळी आले नाहीत. महिन्याभरानं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे औषधाला आले, तेव्हा त्यांना म्हणाले, “मॅडम चांगल्या आहेत, पण क्लास घेतात.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मला तंत्र येतं, तक्ते येतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९५७ मध्ये सांगितलेल्या गोष्टी झोपेतून उठवलं तरी सांगेन: समानुभूती, बिनशर्त स्वीकार, आतबाहेर एक असणं. एम.ए.ला तोंडी परीक्षेत त्याच विचारल्या होत्या आणि मला पूर्ण गुण मिळाले. पण समोर वडिलांच्या वयाचा माणूस मान खाली घालून बसलेला असताना हे करायचं कसं, हे दोन वर्षांत कुणी करवून घेतलं नाही. गाणं शिकणारी मुलगी रोज पहाटे एक पलटा पन्नास वेळा घोटते. आमच्या कामात पलटा कोणता?

एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “हे अंगातच असावं लागतं.” तसं असेल तर मला ते आताच कळलेलं बरं. आणि नसेल, तर कुठून सुरुवात करू? अगदी साध्या गोष्टीपासून सांगितलं तरी चालेल. त्यांना ‘काका’ म्हणायचं होतं की ‘साहेब’, हेसुद्धा मला ठरवता आलं नव्हतं. दोन्ही भेटी मी संबोधन टाळूनच बोलले.

---

रेशीमबाग
१३ मे, सकाळी ६.१५

वैदर्भी, वयानं बरीच मोठी आहे म्हणून ‘तू’ म्हणते. या कामात मला २२ वर्षं झाली.

आधी ‘अंगातच असावं लागतं’ हे डोक्यातून काढून टाक. पण त्याच्या जोडीचा दुसरा समजही काढ: की वर्षं गेली की आपोआप येतं. अमेरिकेत १७० थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांवर रुग्णांची अनेक वर्षांची नोंद तपासलेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. अनुभव वाढला तसे सरासरी निकाल सुधारले नव्हते, उलट किंचित घसरले होते. काही जण सुधारले, पण नुसत्या वर्षांच्या जोरावर नाही. मी तो वाचला तेव्हा मला १२ वर्षं झाली होती आणि मी स्वतःला तरबेज समजत होते. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता तुझ्या त्या गृहस्थांकडे ये. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन पदर सांगितले. आपण कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, तिथे पोचायला काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. आता त्यांचं वाक्य पुन्हा वाच. ‘मॅडम चांगल्या आहेत’, म्हणजे तिसरा पदर शाबूत होता. ‘पण क्लास घेतात’, म्हणजे दुसरा फाटला होता. तक्ता हे आपलं काम आहे असं त्यांना वाटलंच नाही, ते तुझं काम होतं आणि ते तुझ्या मानासाठी करत होते. आणि पहिला पदर? तू झोपेवर काम करत होतीस. ते झोपेसाठी आले होते की लेक गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरासाठी, हे तू विचारलं होतंस का? मी टोचून बोलत नाही, मीही अनेकदा विचारलेलं नसतं.

म्हणजे त्यांनी तुला नापास केलेलं नाही. कुठे उसवलं ते नेमकं सांगून गेले, फक्त दुसऱ्याच्या तोंडून. (खालच्या डॉक्टरांचं नाव घेऊन त्या गृहस्थांशी हे कधी बोलू नकोस. तो विश्वास त्यांनी डॉक्टरांवर टाकला होता.)

जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्तोफर म्युरन यांनी नात्यातल्या या उसवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या मते उसवण्याच्या दोन तऱ्हा. एकीत माणूस अंगावर येतो: तुमचा उपयोग नाही, माझे पैसे वाया गेले. दुसरीत मागे सरतो: गप्प होतो, विषय बदलतो, किंवा सगळ्याला हो म्हणतो. आपल्याकडे मला पहिली तऱ्हा वर्षातून चार-पाच वेळा दिसते. दुसरी दर आठवड्याला. पन्नाशीचा बाप लेकीच्या वयाच्या बाईला तोंडावर ‘हे मला पटत नाही’ म्हणणार नाही, ते त्याच्या संस्कारातच नाही. तो म्हणणार ‘हो मॅडम’. त्यामुळे ज्या सेशनमध्ये तीन-चार वेळा ‘हो मॅडम’ ऐकू येईल, त्या दिवशी थांबायचं. मी वहीच्या कडेला बारीक टिंबं देते. चौथं टिंब पडलं की माझं बोलणं बंद.

आपण तेव्हा नेमकं उलटं करतो. १९९६ मध्ये लुई कास्तोंग्वे आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या कॉग्निटिव्ह थेरपीची (विचार तपासून बदलायची पद्धत, तुझा तक्ता त्यातलाच) सेशन्स बारकाईनं पाहिली. रुग्ण कुरकुरायला लागला की काही थेरपिस्ट आपलं तंत्र आणखी घट्ट धरत होते, आणखी समजावत होते. त्या रुग्णांना गुण कमी आला. समोरचा निसटतो आहे हे आपल्याला जाणवतं, भीती वाटते आणि आपण तक्त्याला मिठी मारतो. त्या दुसऱ्या भेटीत तुझंही तसंच झालं असेल का, पाहा.

आता तू विचारलेला पलटा. आम्ही चौघी दर रविवारी सकाळी धरमपेठेत एकीच्या घरी जमतो. सात वर्षं झाली. पोहे नंतर, आधी काम. एक जण क्लायंट होते आणि एकच वाक्य म्हणते. सगळ्यात अवघड ती तीन: “याचा काही उपयोग होईल असं वाटत नाही.” “तुमचं लग्न झालंय का?” आणि मान खाली घालून, “हो मॅडम.” दुसरीनं उत्तर द्यायचं, जास्तीत जास्त दीड मिनिट. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, लगेच ऐकायचं, आणि तेच पुन्हा. पाच वेळा, सहा वेळा. चर्चा नाही, सिद्धांत नाही. टिमथी अँडरसन यांच्या संशोधनात याच्या जवळचं काहीतरी होतं: अवघड क्लायंटच्या छोट्या चित्रफिती दाखवायच्या आणि थेरपिस्टनं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. ज्यांची उत्तरं सरस, त्यांचे खरे रुग्णही जास्त सुधारलेले आढळले. नुसतं वय पाहिलं तर त्यानंही फरक दिसत होता, पण हे कौशल्य जोडीला मोजलं की वयाचा फरक उरत नव्हता.

ऐकताना काय सापडतं सांगते. माझं ‘पण’. “तुमचा त्रास मला समजतो, पण…” दुसऱ्या श्वासाला ‘पण’ येतोच. चार महिने मी फक्त ‘पण’ काढायचा सराव केला. आमच्यातल्या एकीचा आवाज चढतो, घाबरली की शाळेतल्या बाईंसारखी होते. तिसरी शांतता सहन करू शकत नाही. खऱ्या सेशनचंही रेकॉर्डिंग आम्ही ऐकतो, पण क्लायंटची लेखी परवानगी घेऊनच, फक्त आपल्या सुपरव्हायझरबरोबर (आपलं काम तपासणाऱ्या ज्येष्ठ थेरपिस्टबरोबर), आणि ऐकून झालं की पुसून टाकतो. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही रुग्णाला दिलेला हक्क आहे. पहिल्यांदा स्वतःचं सेशन ऐकलं तेव्हा एका बाईंची शांतता मला मिनिटभराची आठवत होती. घड्याळ लावलं, चार सेकंद होती. तेवढ्यात मी त्यांच्या तोंडात वाक्य घातलं होतं.

उसवलेलं शिवायचं कसं, तेही सांगते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. सलग तिसऱ्यांदा उशिरा आला तेव्हा मी विचारलं, “वेळेवर यायला काय अडचण आहे?” तो “सॉरी मॅडम” म्हणाला आणि पुढचा पाऊण तास मला फक्त माना डोलवणारा मुलगा मिळाला. पुढच्या वेळी सुरुवातीलाच म्हणाले, “मागच्या वेळी मी तुला उशिराचं विचारलं, त्यानंतर तू गप्प झालास असं मला वाटलं. माझं काय लागलं ते ऐकायचं आहे.” बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “मी सीताबर्डीहून चालत येतो. ऑटोचे पैसे वाचवतो, ते तुमच्या फीमध्ये घालतो.” उपचार खरे त्या दिवशी सुरू झाले. मी लांबलचक माफी मागितली असती तर त्यालाच मला धीर द्यावा लागला असता. एवढंच लागतं: माझ्याकडून काय झालं ते नाव घेऊन सांगायचं, आणि मग ऐकायचं.

सेशनच्या शेवटी भरून घ्यायचा चार रेघांचा एक कागद असतो, प्रत्येक रेघ दहा सेंटिमीटर, बेरीज ४०. नातं, विषय, पद्धत आणि एकूण सेशन कसं वाटलं त्याच्या खुणा. ३६ च्या खाली गेलं की बोलायचं, असा संकेत आहे. आपल्याकडे सगळे ४० देतात. पाहुण्याला भाजी कशी झाली विचारल्यावर तो काय सांगणार? म्हणून मी कागद देते आणि वर विचारते, “पुढच्या वेळी यातली कोणती एक गोष्ट वेगळी करू?” ‘काही नाही’ हे उत्तर पहिल्या दोन वेळा चालतं. तिसऱ्या वेळी बहुतेक जण काहीतरी सांगतात.

आणि ‘काका’ की ‘साहेब’, हे त्यांनाच विचारायचं. “तुम्हाला काय म्हणू?” हा पहिल्या भेटीतला माझा दुसरा प्रश्न असतो.

---

निवासी_मनोविकार
१३ मे, रात्री ११.५५

रेशीमबाग मॅडम, सगळं पटतं. एक गोष्ट जोडतो, कारण हे वाचून लोक उद्या दोन दिवसांच्या महागड्या कार्यशाळा शोधायला लागतील.

नातं आणि गुण येणं यांचा संबंध भक्कम आहे. २०१८ मध्ये २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले, रुग्ण ३० हजारांच्या आसपास, सहसंबंध सुमारे ०.२८ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). आकडा लहान दिसतो, पण मानसोपचारात एकाच घटकाचा इतका संबंध दिसणं ही मोठी गोष्ट आहे, आणि थेरपीचा प्रकार कोणताही असो, तो दिसतोच. २००७ च्या एका अभ्यासात हेही दिसलं की गुण येण्यासाठी, एकाच थेरपिस्टचं दोन रुग्णांशी नातं किती वेगळं जुळलं यापेक्षा कोणता थेरपिस्ट एकूण जास्त चांगलं नातं जोडतो, हा फरक जास्त महत्त्वाचा होता. म्हणजे ‘क्लायंटच अवघड होता’ हे कारण पुरत नाही.

पण ‘हे शिकवलं की रुग्णांना जास्त गुण येतो’ याचा पुरावा त्या मानानं कच्चा आहे. नातं जोडायचं प्रशिक्षण देऊन पाहिलेला २००६ चा एक गाजलेला प्रयोग पाचच थेरपिस्टवर होता. उसवलेलं नातं पुन्हा जुळलं तर निकाल चांगले येतात, हे नीट दिसतं. तशा प्रशिक्षणाचा परिणाम मात्र सगळे अभ्यास मिळून अजून ठामपणे दिसलेला नाही. म्हणून माझं मत: एकदाच्या कार्यशाळेपेक्षा तुमचा सात वर्षांचा रविवार जास्त खरा.

आमच्या ओपीडीत एका माणसाला सात मिनिटं मिळतात. तिथेही मी एक सवय लावून घेतली आहे. पेन खाली ठेवून विचारतो, “या सगळ्यात आधी काय बरं व्हावंसं वाटतं?” फाइलवर ‘झोप’ लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो, “पोराशी बोलणं सुरू व्हावं.”

---

गोधनी_लाइन
१५ मे, रात्री ९.२०

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. खुर्चीच्या पलीकडून लिहून राहिलो.

मानकापूरकडे जाताना पागलखाना चौक लागतो. मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळचं, आणि चौकाचं नाव आजही लोकांच्या तोंडी तेच. लहानपणी अभ्यास केला नाही की बाबा म्हणायचे, तिकडे सोडून येईन. अशा घरातला माणूस चाळिसाव्या वर्षी थेरपीला जातो तेव्हा जिना चढायच्या आधी दोन चकरा मारतो, ओळखीचं कोणी दिसते का म्हणून. वैदर्भीताई, तुमच्याकडे जे दोनदा आले, ते खूप लांबून आले असं समजा.

माझे पहिले थेरपिस्ट हुशार होते. पहिल्याच भेटीत माझ्या आजाराचं नाव सांगितलं, आकृती काढून दिली. ती अजून पाकिटात आहे. पण मी बोलत असताना ते लिहायचे, आणि मला वाटायचं मी जबाब देऊन राहिलो. तीनदा गेलो, मग काम जास्त आहे म्हणून मेसेज टाकला. काम जास्त नव्हतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या ताईंकडे गेलो. चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, बायकोची बाजूही समजून घ्यायला हवी. बरोबरच बोलल्या. पण माझ्या पोटात गोळा आला. मी म्हणालो, हो ताई. त्या थांबल्या. म्हणाल्या, “हो म्हणालात, पण तुमचे हात घट्ट झाले. मी घाई केली का?” बाप्पा, मला रडूच आलं. आयुष्यात मला कोणी असं विचारलं नव्हतं, माझ्या बाबांनी नाही, साहेबांनी नाही. मी पहिल्यांदा कोणत्या मोठ्या माणसाला सांगितलं की हो, तुमचं मला लागलं. आणि आकाश कोसळलं नाही. त्यानंतर दीड महिन्यानं मी तसंच बायकोला सांगू शकलो, शांतपणे.

तो कूलर मात्र बंद करा. घाम आला तरी चालते. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागली की दुसऱ्यांदा माणूस छोटी करून सांगतो.

---

वैदर्भी
४ जून, रात्री १०.०५

सगळ्यांचे उत्तर मी इतक्या वेळा वाचले आहे की पाठ झाले. उशिरा लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचं होतं.

ते गृहस्थ आलेले नाहीत. माझं दार उघडं आहे एवढाच निरोप ठेवला आहे, बाकी काही नाही.

वहीच्या कडेला टिंबं द्यायला लागले आणि हादरले. पहिल्याच दिवशी एका सेशनमध्ये नऊ. ‘पण’ मोजायला घेतला तर माझा ‘पण’ दुसऱ्या श्वासाला नाही, पहिल्यालाच येतो. आरशासमोर “याचा उपयोग होईल असं वाटत नाही” या वाक्याला उत्तर देऊन रेकॉर्ड केलं. अकराव्या वेळी मी पहिल्यांदा समजावून सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, “इतकं करूनही फरक नाही, असं झालंय ना?” माझाच आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो खाली होता.

गोधनीदादा, तुमच्या सांगण्यावरून कूलर बंद केला. मागच्या गुरुवारी काटोलकडची एक मुलगी आली, १९ वर्षांची, आई बाहेर बाकावर. (इथेही तपशील बदलले आहेत.) सगळ्याला “हो मॅडम”. चौथं टिंब पडलं. मी तक्ता पालथा घातला आणि विचारलं, “तू हो म्हणतेस, पण मला वाटतं मी कुठेतरी चुकते आहे. सांगशील?” (‘पण’ आलाच.) ती खूप वेळ दाराकडे पाहत होती. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं आणि बोलले नाही.

मग ती अगदी हळू म्हणाली, “मॅडम, मागच्या वेळी कूलर सुरू होता. आज बाहेर आईला सगळं ऐकू जाते.”

मी उठले, कूलर परत लावला, आणि खुर्ची ओढून तिच्या इतक्या जवळ बसले की दोनदा विचारायची गरज पडू नये. तिनं बोलायला सुरुवात केली. उद्या तिची पुढची वेळ आहे.

रेशीमबागताई, रविवारी चौघींच्या पाचजणी झाल्या तर चालेल का? मी लॉ कॉलेज चौकातून येईन, साडेसातपर्यंत पोचते. ‘तुमचं लग्न झालंय का’ या वाक्यापासून सुरुवात करायची आहे. ते मला दर आठवड्याला विचारतात, आणि मी दर वेळी हसून टाळते.